ड्रोनची फवारणी, ड्रोनची राखण: एकरी हिशेब मांडूनच पैसे मोजा

कपाशीत घोटाभर चिखल, चार दिवसांनी जेमतेम उघडीप, तुडतुड्यांमुळे पानांच्या कडा लाल होऊ लागलेल्या आणि फवारायला माणूस मिळत नाही. अशा वेळी बांधावर ड्रोनवाला आला की दर विचारायच्या आधीच आपण ‘उडव’ म्हणतो. रात्री रोह्यांचा कळप हरभऱ्यात शिरला की त्याच घाईत कुणीतरी सुचवतं, ‘थर्मल कॅमेऱ्याचा ड्रोन घेऊन टाक.’ दोन्ही वेळी गरज खरी असते, पण दोन्ही कामांचा हिशेब वेगळा असतो. तो मांडून बघितला की कुठे पैसे घालायचे आणि कुठे हात आखडायचा, हे स्पष्ट होतं.

आधी निष्कर्ष

किडीवरच्या फवारणीला ड्रोन परवडतो, तो भाड्याने. विकत घ्यायचा तर वर्षाला हजार-बाराशे एकरांचं काम हाताशी हवं. रानडुक्कर, रोही आणि वानरांपासून पीक वाचवायला ड्रोनचा उपयोग पाहणीपुरता होतो. तो कुंपणाची जागा घेत नाही. त्यामुळे जनावरांसाठीचा पहिला रुपया कुंपणावर घाला.

खाली दिलेले दर साधारण आहेत. जिल्हा, हंगाम आणि गावातली स्पर्धा यानुसार ते बदलतात. आपल्या गावचा आकडा टाकून हाच हिशेब पुन्हा करून बघा.

भाड्याने फवारणी: एकराला किती?

महाराष्ट्रात सध्या एका फवारणीचा दर साधारण एकरी ४०० ते ७०० रुपये पडतो. त्यात ड्रोन, पायलट, मदतनीस आणि बॅटऱ्यांचं चार्जिंग येतं. औषध आणि पाणी शेतकऱ्याचं. महिला बचत गटाकडे किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या अवजार बँकेत ड्रोन असेल तर दर याहून कमी मिळू शकतो. एखाद-दोन एकरांसाठी बोलावलं तर बहुतेक जण किमान एकरांची अट घालतात किंवा येण्याजाण्याचे वेगळे पैसे लावतात. म्हणून शेजारच्या चार-पाच जणांनी एकत्र येऊन एकाच दिवसाचं काम द्यावं. पंधरा-वीस एकर सलग मिळाले की दर उतरवून घेता येतो.

पाठीवरच्या पंपाशी तुलना करू. एकराला दीडशे ते दोनशे लिटर पाणी, म्हणजे दहा-बारा पंप. पंपामागे ४० रुपये धरले तरी मजुरी ४०० ते ४८० रुपये होते. शिवाय पाणी वाहून आणायचं, आणि एक माणूस दिवसाला दोन-तीन एकरच उरकतो. दहा लिटर टाकीचा ड्रोन एक एकर आठ-दहा मिनिटांत फवारतो, आठ ते दहा लिटर पाण्यात. बॅटऱ्यांची सोय नीट असेल तर दिवसाला वीस एकरांपर्यंत काम होतं.

पैशात बचत मोठी नाही. बचत होते ती वेळेची. कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर आल्यावर दोन दिवसांत फवारणी होणं आणि आठ दिवसांनी होणं, यात उत्पादनाचा फरक पडतो. दुसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी बचत माणसाच्या जिवाची आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याएवढ्या वाढलेल्या पिकात, उकाड्यात, मास्कशिवाय फवारा अंगावर घेत चालण्याची ती किंमत होती. ड्रोनने फवारताना माणूस पिकाबाहेर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभा राहतो. औषध कालवताना मात्र धोका तसाच राहतो, किंबहुना वाढतो, कारण द्रावण कितीतरी तीव्र असतं. हातमोजे, मास्क आणि चष्मा हवाच.

कुठे उपयोग, कुठे पैसे वाया

वरून पडणारा बारीक थेंब जिथे पोचतो तिथे ड्रोन चांगलं काम करतो. फुलोऱ्यातल्या उंच तुरीवर घाटेअळी आली की पंप घेऊन आत शिरणं कठीण असतं. तिथे ड्रोन सोयीचा. पाच-सहा महिन्यांच्या उसात माणूस आत जाऊच शकत नाही. चिखलातलं सोयाबीन आणि कपाशीची सुरुवातीची रसशोषक कीड, इथेही काम भागतं.

पानाच्या खालच्या बाजूला बसणारी पांढरी माशी आणि लाल कोळी यांच्यावर मात्र परिणाम कमी दिसतो, विशेषतः झाडं दाटल्यावर. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की फवारा वरून मारा की खालून, तिच्यापर्यंत पोचत नाही. तिच्यासाठी वेळेवर लावलेले कामगंध सापळे आणि डोमकळ्या वेचणं हाच स्वस्त उपाय. मक्यावरच्या लष्करी अळीसाठी औषध पोंग्यात पडावं लागतं. ड्रोनच्या पंख्यांच्या वाऱ्याने काही थेंब आत जातात, पण अळी मोठी झाली असेल तर त्यावर विसंबू नका. दाट फळबागेतही खोडापर्यंत, आतल्या फांद्यांपर्यंत फवारा नेणं साध्या दहा लिटरच्या ड्रोनला जमत नाही.

तणनाशक ड्रोनने मारायला मी सांगणार नाही. वाऱ्याने चार थेंब शेजारच्या भाजीपाल्यावर किंवा द्राक्षावर गेले तरी नुकसानभरपाईचा आकडा तुमच्या वर्षभराच्या फवारणीखर्चाच्या पुढे जाईल.

औषधाचा डोस आणि शेजाऱ्याचं शेत

ड्रोनमुळे औषध कमी लागतं, असं सांगून दर गळ्यात मारणारे भेटतील. लेबलवर एकरी १०० मिली लिहिलं असेल तर ड्रोनलाही १०० मिलीच लागतं. फरक एवढाच की तेच औषध दोनशे लिटरऐवजी दहा लिटर पाण्यात जातं, म्हणजे द्रावण वीस पट तीव्र होतं. डोस कमी केला तर कीड मरत नाही, उलट औषधाला सरावते, आणि दुसऱ्या फवारणीचा खर्च माथी बसतो.

एकाच टाकीत कीटकनाशक, बुरशीनाशक, विद्राव्य खत आणि टॉनिक एकत्र टाकण्याची सवय इथे महागात पडते. कमी पाण्यात औषधं फाटतात, नोझल तुंबतं आणि शेतात पट्टे कोरडे राहतात. आधी त्याच प्रमाणात बाटलीभर मिश्रण करून अर्धा तास ठेवून बघा. गाळ बसला किंवा गोळे झाले तर ते टाकीत घालू नका.

कोणतं औषध चालतं, हाही प्रश्न आहे. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती जाहीर केली आणि एप्रिल २०२२ मध्ये ४७७ नोंदणीकृत कीडनाशकांना ड्रोनने वापरण्यासाठी दोन वर्षांची हंगामी मान्यता मिळाली. मान्यता मुदतीची असल्याने प्रत्येक हंगामात औषध घेण्याआधी कृषी अधिकाऱ्याकडून खात्री करा आणि दुकानातून पक्कं बिल घ्या.

फवारणीच्या किमान एक दिवस आधी शेजाऱ्यांना सांगा. मराठवाड्यात तुतीची लागवड वाढली आहे. तुतीच्या पाल्यावर कीटकनाशकाचा अंश गेला तरी रेशीमकिड्यांची अख्खी बॅच मरते. डाळिंब किंवा कांदा बीजोत्पादनाच्या प्लॉटजवळ मधमाश्यांच्या पेट्या असतील तर मालकाला कळवून त्या बंद किंवा दूर करायला वेळ द्या. विहीर, शेततळं, गुरांचा गोठा आणि वस्ती यांच्यापासून पुरेसं अंतर सोडा. वारा वाढला की काम थांबवायचं, हे पायलटशी आधीच ठरवा. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, पिकाच्या माथ्यापासून दीड ते तीन मीटर उंचीवरून केलेली फवारणी नीट बसते. ड्रोन त्याहून उंच उडत असेल तर औषध तुमच्या शेतात कमी आणि हवेत जास्त जातंय, असं समजा.

ड्रोनवाल्याला हे विचाराच

दर ठरवण्याआधी पाच गोष्टी मागा. मागायला संकोच नको, कारण अपघात झाला तर पहिला प्रश्न याच कागदांचा येतो.

१. ड्रोनचा युनिक ओळख क्रमांक. ड्रोन नियम २०२१ नुसार नोंदणीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.

२. पायलटचं प्रमाणपत्र. दहा लिटरचा फवारणी ड्रोन भरलेल्या टाकीसह साधारण पंचवीस किलोपर्यंत जातो, म्हणजे तो ‘लघु’ गटात येतो. त्याला प्रमाणपत्रधारक पायलट लागतोच. नात्यातला मुलगा शिकून आलाय, एवढं पुरेसं नाही.

३. तृतीय पक्ष विमा. वीजवाहिनीला लागून ड्रोन कुणाच्या अंगावर किंवा गोठ्यावर पडला तर भरपाई कोण देणार, याचं उत्तर त्यात आहे.

४. शिवार कोणत्या झोनमध्ये आहे. हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. त्यामुळे पुणे, नागपूर, ओझर, शिर्डी, छत्रपती संभाजीनगर या विमानतळांच्या आसपासच्या गावांनी आणि लष्करी हद्दीजवळच्यांनी नकाशा आधी तपासावा.

५. काम झाल्यावर उड्डाणाचा नकाशा. किती क्षेत्र फवारलं, कुठल्या ओळी सुटल्या, हे ड्रोनच्या ॲपमध्ये दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि पैसे त्यातल्या क्षेत्रावर द्या, सातबाऱ्यावरच्या नाही. बांध, विहीर, पडीक तुकडा वजा झाला की बिल बरंच उतरतं.

आदल्या शेतातलं औषध टाकीत शिल्लक नाही ना, तेही बघा. आधीच्या गिऱ्हाइकाकडे तणनाशक मारून आलेला ड्रोन नीट न धुता तुमच्या कपाशीवर उडाला तर पीक वाचणार नाही.

विकत घ्यायचा असेल तर

दहा लिटर टाकीचा, मान्यताप्राप्त बनावटीचा ड्रोन, चार बॅटरी संच आणि चार्जर मिळून साधारण साडेसात लाख रुपये धरू. जनरेटर, गाडीवरची सोय आणि पहिल्या वर्षाचा विमा मिळून एक लाख. पायलट प्रशिक्षणाचे पन्नास हजार. प्रशिक्षणासाठी वय १८ ते ६५ आणि दहावी पास ही अट आहे आणि ते मान्यताप्राप्त संस्थेतच घ्यावं लागतं. एकूण नऊ लाख.

सप्टेंबर २०२५ पासून सर्व ड्रोनवर जीएसटी सरसकट ५ टक्के झाला आहे. कुणी १८ टक्के लावून कोटेशन दिलं तर परत करा. २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. त्यामुळे ‘बाहेरून आणलेला, स्वस्तात’ असा ड्रोन घेतला तर त्याची नोंदणी, विमा आणि अनुदान तिन्ही अडकतात.

आता चालवण्याचा खर्च. बॅटरीचा एक संच साधारण पन्नास हजारांचा आणि तो सुमारे तीनशे उड्डाणं चालतो, म्हणजे एकरामागे दीडशेच्या वर रुपये बॅटरीचीच झीज. पायलट आणि मदतनीस यांची मजुरी एकरी ९०, इंधन ४५, दुरुस्ती ४५. एकूण साधारण ३४० रुपये. दर ५०० मिळाला तर एकरी १६० रुपये उरतात.

साडेसात लाखांच्या संचावर ४० टक्के अनुदान मिळालं तर तीन लाख कमी होऊन स्वतःची गुंतवणूक सहा लाख राहते. चार वर्षांत ती वसूल करायची तर वर्षाला दीड लाख मुद्दल आणि चाळीसेक हजार व्याज. एकरी १६० रुपयांनी भागलं की वर्षाला जवळपास १,२०० एकर येतात. दिवसाला वीस एकर धरले तर साठ दिवसांचं भरलेलं काम. अनुदान नसेल तर हाच आकडा पावणेअठराशे एकरांच्या घरात जातो.

उलट, दहा एकरांच्या शेतकऱ्याने हंगामात चार फवारण्या भाड्याच्या ड्रोनने केल्या तर खर्च वीस हजार. तेवढ्यासाठी नऊ लाख अडकवण्याचं कारण नाही. गावोगावच्या कामाची खात्री असलेला तरुण, बचत गट किंवा उत्पादक कंपनी यांनीच विकत घेण्याचा विचार करावा. घेताना जवळचं दुरुस्ती केंद्र किती अंतरावर आहे, पंखा तुटला तर सुटा भाग किती दिवसांत मिळतो, हे लेखी घ्या. ऐन ऑगस्टमध्ये दहा दिवस ड्रोन बंद राहिला तर दोनशे एकरांचं काम जातं.

अनुदान कुणाला किती?

कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अनुदानाचे गट असे आहेत: अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे शेतकरी यांना ५० टक्के, कमाल ५ लाख. इतर शेतकऱ्यांना ४० टक्के, कमाल ४ लाख. अवजार बँक चालवणाऱ्या सहकारी संस्था, उत्पादक कंपन्या आणि ग्रामीण उद्योजकांना ४० टक्के, कमाल ४ लाख. अवजार बँक काढणाऱ्या कृषी पदवीधरांना ५० टक्के, कमाल ५ लाख. महिला बचत गटांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेली ‘नमो ड्रोन दीदी’ योजना ८० टक्के, कमाल ८ लाखांपर्यंत मदत देते, आणि उरलेल्या रकमेसाठी व्याज सवलतीचं कर्ज घेता येतं.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर, शेतकरी ओळख क्रमांकासह. एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा: पूर्वसंमतीचं पत्र हातात येण्याआधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही. ‘बिल आत्ता करा, अनुदान आम्ही काढून देतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला पैसे देऊ नका.

रोही, रानडुक्कर, वानर: ड्रोन किती पुरतो?

थर्मल कॅमेरा अंगाची उष्णता टिपतो. रात्री आणि पहाटे जमीन गार झाल्यावर कळप पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांसारखा उठून दिसतो. विदर्भातल्या एप्रिल-मेच्या दुपारी मात्र जमीनच जनावराच्या अंगाएवढी तापते, तेव्हा काही दिसत नाही. दाट उसात किंवा उभ्या मक्यातही पानांमुळे उष्णता अडते.

असा ड्रोन काही लाखांना पडतो. एक बॅटरी अर्धा-पाऊण तास चालते आणि जागल मात्र रात्रभराची असते. आवाजाने, दिव्याने कळप पहिल्या काही रात्री पळतो. मग त्याला कळतं की वरच्या घोंघाटाने काही इजा होत नाही, आणि तो चरत राहतो. पळाला तरी तो शेजाऱ्याच्या गव्हात जातो, गावाचं नुकसान तेवढंच राहतं.

कायद्याची बाजूही आहे. रोही, रानडुक्कर हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत, आणि त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत प्राणी हाकणंही येतं. ड्रोनने कळपाचा पाठलाग करायचा, त्याला एका दिशेला रेटायचं, हे वनखात्याला विचारल्याशिवाय करू नका. ड्रोनवरून विष किंवा फटाके टाकणं तर थेट गुन्ह्याच्या वाटेवर नेतं.

मग ड्रोनचा उपयोग काय? कळप कुठल्या नाल्यातून येतो, दिवसा कुठल्या झुडपात बसतो, कुंपण नेमकं कुठे तुटलंय, हे एका-दोन रात्रींत कळतं. त्यासाठी गावाने मिळून वनखात्याला विनंती करावी किंवा थर्मल ड्रोनवाल्याला एका रात्रीपुरतं बोलवावं. खर्च काही हजारांत, तोही वाटून. त्या माहितीवर कुंपण कुठून सुरू करायचं ते ठरवा. सौरकुंपणाच्या संचाला डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यातलं जे कमी ते अनुदान मिळतं. वनालगतच्या गावांनी वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी. सौरकुंपण झटका देतं, जीव घेत नाही. लाईनवरून थेट करंट सोडलेल्या तारेने मात्र दरवर्षी माणसं, गुरं आणि वाघ-बिबटे मरतात. ती तार कुणीही, कुठल्याही नुकसानीपोटी लावू नये.

रात्री ड्रोन उडवण्याआधी पोलीस पाटील, पोलीस ठाणे आणि ग्रामपंचायतीला कळवा. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाडा आणि नगर-पुणे भागात रात्री दिसणाऱ्या ड्रोनमुळे गावंच्या गावं चोरांच्या भीतीने जागली होती. सूचना न देता उडवलेला ड्रोन तुमच्यावरच संशय आणेल.

बिबट्या असेल तर

जुन्नर, शिरूर, आंबेगाव पट्ट्यात बिबट्याचा माग काढायला वनखातं थर्मल ड्रोन वापरतं. ते काम त्यांचंच आहे. स्वतः ड्रोन घेऊन उसावर घिरट्या घातल्या तर बिथरलेला बिबट्या वस्तीकडे निघण्याचा धोका असतो. बिबट्या दिसला की वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. शेतकऱ्याने आपला पैसा बंदिस्त गोठ्यावर, जाळीवर आणि अंगणातल्या दिव्यावर घालावा. शेळ्या-वासरं त्यानेच वाचतात.

नुकसान झालं तर

वन्यप्राण्यांनी पीक खाल्लं तर तीन दिवसांच्या आत वनकर्मचाऱ्याकडे तक्रार नोंदवा आणि पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नका. पीक विमा योजनेतही वन्यप्राण्यांच्या नुकसानीचं संरक्षण खरीप २०२६ पासून आणण्याचा निर्णय केंद्राने जाहीर केला आहे. त्यात ७२ तासांत ॲपवर, जागेची नोंद असलेल्या फोटोंसह कळवायचं आहे. विमा भरताना आपल्या जिल्ह्यात हे संरक्षण लागू आहे का, ते विचारा.

ड्रोनच्या फवारणीने पीक जळलं किंवा ओळी सुटल्या तर त्याच दिवशी फोटो काढा, रिकाम्या बाटल्या आणि बिलं जपा, कृषी अधिकाऱ्याकडून पाहणी करून घ्या. पैसे ऑनलाईन दिले असतील तर तोच पुरावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. स्वतःच्या पोटापाण्यासाठी ड्रोन विकत घेतला असेल तर सदोष ड्रोनबद्दलही ग्राहक म्हणून दाद मागता येते.

ठरवायचं कसं?

या आठवड्यात दोन कामं करा. गटातल्या शेजाऱ्यांना विचारून येत्या हंगामातल्या फवारण्यांचे एकर मोजा आणि जवळच्या तीन ड्रोनवाल्यांकडून लेखी दर मागवा, त्यात तालुक्यातला बचत गट एक असू द्या. जनावरांचा त्रास असेल तर गेल्या दोन वर्षांत किती क्विंटल गेलं ते लिहून काढा आणि तो आकडा घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात सौरकुंपणाचा अर्ज करा. या दोन कागदांवरचे आकडेच सांगतील की तुमच्या शिवाराला ड्रोन किती हवा आहे आणि किती नको.